फक्त प्रश्नांची गल्ली

चिठ्ठी अंगणवाडीत निघाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.
पलीकडच्या गल्लीला आली खेळणी,
पंधरा दिवसाला एक बाई, तिच्या पिशवीत चित्रांची पुस्तकं,
लेकराशी कसं बोलावं, कसं खेळावं ते शिकवणारी.
आमच्या गल्लीला आले फक्त प्रश्न.

सासू म्हणाली, आपलं नशीबच तसलं.
नसीमताई म्हणाल्या, नशीब नाही मावशी,
दोन्ही गल्ल्या शेवटी ताडून बघायच्या असतात.
अन् मला पाच पानं वाचून दाखवली सावकाश:
कधीही नाही म्हणता येईल.
कारण सांगावं लागणार नाही.
कारण न सांगता नाही म्हणायचं,
हे मी मानवतात नांदायला आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.
म्हणून तर हो म्हणाले.

आमचा नंबर दोनशे सदतीस.
प्रज्योत हे नाव त्यांच्या कागदावर कुठंच नव्हतं.
मला बरंच वाटलं.
दोनशे सदतीसच्या घरात भांडण होतं का, हात उचलतात का,
हे लिहिलं तरी त्यात आमचं दार दिसत नव्हतं.

सहा महिन्यांनी एकदा यायच्या.
वजनकाटा, टेप, लाल ठोकळे, एक घंटी.
तो दीड वर्षाचा असताना म्हणाल्या, एकावर एक ठेव बाळा.
त्यानं ठेवले एकामागं एक,
जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या लागतात तसे,
अन् शेवटच्या ठोकळ्याला तोंडानं हॉर्न दिला.
ताईंनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं.
मनोऱ्याच्या रकान्यात शून्य.
खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी खरडलं,
ते काय होतं मी विचारलं नाही.

मग माझी पाळी.
गेल्या दोन आठवड्यांत
कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं?
एकही दिवस नाही, थोडे दिवस, निम्म्याहून जास्त, जवळपास रोज.
पहिल्या खेपेला मी म्हणाले, एकही दिवस नाही.
सासू ज्वारी पाखडायली होती.
दुसऱ्या खेपेला, एकही दिवस नाही.
सासू नव्हती. तिचं सूप होतं.
तिसऱ्या खेपेला ताईंनी चहाचा कप खाली ठेवला,
प्रश्न वाचला, अन् थांबल्या.
मी म्हणाले, जवळपास रोज.

पत्रे काही खाली आले नाहीत.
त्यांनी गोल केला. एका चिठोऱ्यावर लिहून दिलं,
परभणी, सरकारी दवाखाना, मंगळवार.
तीन मंगळवार मी गेले नाही.
चौथ्याला अर्ध्या तिकिटात गेले.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, अन् नळ दोन्ही गल्ल्यांना एकच.
तिथं पलीकडची मुक्ता मला तिची शिकवणी सांगायची:
भाकरी थापताना त्याला दाखव, बघ गोल, बघ मोठी झाली.
मी केलं तसं.
प्रज्योत म्हणाला, चाक.
मग मी मुक्ताला विचारलं, तुला झोप लागते का गं?
नीट सांग. चारातलं एक सांग.
ती हसली. ताईंना सांगितलंय की मी, म्हणाली, एकही दिवस नाही.
मग हसायची थांबली.
घागर भरून वाहायला लागली तरी आम्ही उचलली नाही.

शेवटच्या खेपेला मी नसीमताईंना सगळं सांगून टाकलं.
तुमच्या दोन्ही गल्ल्या आम्ही नळावर एक केल्यात,
तुमचा हिशोब चुकला असंल.
त्या कितीतरी वेळ पेनाचं टोपण लावत, काढत बसल्या.
हे लिहावं लागेल, म्हणाल्या.
लिहा की, म्हणलं,
नाव घालायचं तर नाव घाला.

त्याला रकाना नव्हता.
त्यांनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागल्या.
तोवर प्रज्योत पिशवीत कोपरापर्यंत हात घालून
लाल ठोकळे शोधत होता.
मान वर न करता ताई म्हणाल्या,
चार वर्षाला ते नसतात रे.